‘ठिपका’ची पांढरी भिंत

‘ठिपका’ या दुकानाच्या मागच्या खोलीत सव्वीस वर्षांत चौतीस प्रदर्शनं झाली आणि त्यापायी वीस फुटांची खोली सात फुटांवर आली. तीन भिंती उघड्या विटांच्या, त्या जिथल्या तिथं राहिल्या. चौथी पांढरी. प्रत्येक प्रदर्शनाआधी हिला रंगाचा एक नवा थर द्यायचा, हा मालकांचा म्हणजे मधुसूदन सरनोबतांचा दंडक, आणि ज्या प्रदर्शनाला जेवढी गर्दी व्हायची तेवढा तो थर जाड व्हायचा. कापडी बाहुल्यांच्या वेळी अख्खी राजारामपुरी लोटली होती, तर एका आठवड्यात भिंत दीड फूट पुढं आली. लोक मात्र काही बोलायचे नाहीत. ‘खोली आटोपशीर केलीत की हो’ म्हणायचे आणि वेलदोड्याचा चहा पिऊन जायचे.

पुढं दुकान, मागं ही खोली. दुकानात हातछपाईचे अभ्रे, पितळी खुंट्या, हाताने शिवलेल्या वह्या, असलं नीटनेटकं सामान. ते सगळं हेमलता सरनोबत बघायची. मागची खोली नवऱ्याची. ‘आधीच्या माणसाच्या खिळ्याचं भोकसुद्धा नव्या माणसाला दिसता कामा नये,’ असं सरनोबत म्हणायचे, आणि रंगाऱ्याला हात लावू न देता भिंत स्वतः रंगवायचे. या बाबतीत माणूस भलताच हट्टी.

हे सरनोबत गेली पाच वर्षं भिंतीत होते. एकतिसाव्या थराखाली.

एकतिसावं प्रदर्शन हेमलताचं स्वतःचं. तीस जणांना चहा पाजून झाल्यावर कुठं तिचा नंबर लागला. लुगड्यांच्या काठांची चाळीस चित्रं तिनं काढली होती, दुकानाच्या गल्ल्यामागं बसून, गिऱ्हाईक नसताना. उद्‌घाटनाच्या दिवशी साडेचार वाजले आणि पांढऱ्या भिंतीवर तिला एक डाग दिसला. झालं! पहिला थर वाळलेला नसताना बाईनं रोलर घेतला आणि दुसरा मारायला लागली. सरनोबत त्याच भिंतीला पाठ लावून समोरच्या विटांवरची चित्रं डोळे बारीक करून बघत होते. ‘ते तिसरं जरा वर घ्यायला पाहिजे,’ म्हणाले. हेमलताचं सगळं लक्ष डागाकडं होतं. रोलर फिरवता फिरवता तिनं त्यांचा खांदा रंगवला, मग कान, मग सगळेच. तिसऱ्या चित्राबद्दल ते पुन्हा बोलले तेव्हा आवाज आतून आला.

तेवढ्यात पाहुणे दारात. उद्‌घाटन उरकू दे, मग काढू यांना, असं तिनं ठरवलं. उद्‌घाटन उरकेपर्यंत भिंत वाळली. ‘सरनोबत दिसत नाहीत?’ असं सहा जणांनी विचारलं. ‘भिंतीत आहेत,’ ती म्हणाली. ‘असू देत, असू देत, कामात असतील,’ म्हणाले लोक.

तेव्हापासून प्रत्येक प्रदर्शनाला भिंतीतून सूचना यायच्या. हे डावीकडं घे, ते बोटभर खाली. हेमलता मुकाट्यानं तसं करायची आणि रात्रीचं जेवण ताटात वाढून भिंतीजवळ बसायची. पण आणखी तीन प्रदर्शनं झाली, तीन थर चढले, आणि आवाज आत आत गेला. शेवटच्या प्रदर्शनाला तर स्टीलचा पेला भिंतीला लावून कान द्यावा लागला. मग तिनं प्रदर्शनंच बंद केली आणि आपली चाळीस चित्रं परत विटांवर टांगली. कुणी तारीख मागायला आलं की ‘श्रावण संपू दे’ म्हणायची. श्रावण संपला की ‘दिवाळी होऊ दे.’ पांढऱ्या रंगाचा डबा तर तिनं घरात येऊच दिला नाही.

आणि आज सकाळी तनुजा मगदूम आली. रिक्षातून अकरा खोकी उतरवली, म्हणाली, “काकू, आज पाचला उद्‌घाटन. सगळ्यांना सांगून बसलेय.”

ही पोरगी कागदाचे दिवे करायची. कागदाला बारीक भोकं पाडायची, आत दिवा लावला की भिंतीवर सावल्यांची नक्षी उमटायची. त्यासाठी भिंत कोरी पांढरी पाहिजे. भिंतीत जायच्या आदल्याच आठवड्यात सरनोबतांनी तिला शब्द दिला होता, की तुझे दिवे लागल्याशिवाय ही खोली बंद होणार नाही. पाच वर्षं पोरगी त्या एका शब्दावर थांबली होती.

“रंग मारला तर काका ऐकू यायचे बंद होतील गं,” हेमलता म्हणाली.

“वर किती थर झालेत?”

“त्यांच्या अंगावरचा धरून चार. पाचव्याला नाही पोचायचा आवाज.”

तनुजानं भिंतीकडं बघितलं. “मी बाहेर बसते,” म्हणाली आणि खोकी घेऊन पायरीवर जाऊन बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

हेमलतानं पेला लावला.

“अहो, तनुजा आलीय. मगदुमांची.”

“दिव्यांची? मग रंग मार की.”

“मारला तर तुमचा आवाज जाईल.”

हेमलतानं पेला आणखी दाबून धरला. मग पेल्यातून बारीक आवाज आला, “पातळ मार.”

काय म्हणावं या माणसाला! हेमलतानं पेला आपटला, पुढं दुकानात गेली आणि खरवडायची लोखंडी पट्टी घेऊन आली. पाच वर्षं हे का नाही केलं, असं कुणीही विचारील. तर थर काढला की त्या थराचं प्रदर्शन जातं, हे तिला ठाऊक होतं. आज तिला त्याचं काही वाटेना.

चौतिसावा थर इलियास शिकलगारांचा, तांब्याच्या भांड्यांचा. कोपऱ्यात पट्टी घातली तसा अख्खा पापुद्रा सुटला. खोली अर्धा फूट वाढली. लगेच फोन वाजला.

“वहिनी, एक विचारू? माझं तुमच्याकडं कधी प्रदर्शन झालं होतं काय?”

हेमलतानं पापुद्र्याची घडी घालून ती खुर्चीवर ठेवली. “नाही हो, इलियासभाई.”

“तेच म्हटलं. घरात सत्तावन्न भांडी आहेत. इतकी केली, आणि कुणालाच कशी दाखवली नाही मी?” म्हाताऱ्यानं तिकडं एक भांडं वाजवून बघितलं. मग म्हणाला, “असू दे. ठेवतो.”

हेमलताला रडू फुटलं. रडत रडतच तिनं तेहेतिसावा काढला, मग बत्तिसावा. फोन वाजत होता. तिनं उचलला नाही. बोटांची सालं निघाली, नखं फुटली, ती थांबली नाही.

आता आवाज स्वच्छ यायला लागला. “हेमा, पुरे,” सरनोबत म्हणाले. “हा काढू नको. हा तुझा आहे.”

“माझा आहे म्हणूनच काढते. याला कुणाला विचारायला नको.”

तिनं पट्टी घातली आणि एका झटक्यात एकतिसावा थर ओढला. मागं विटांवर खळखळ झालं. वळून बघितलं तर चाळीसच्या चाळीस चौकटी गेल्या होत्या, नुसते खिळे होते. आता हेमलता सरनोबतच्या नावावर एकही प्रदर्शन नव्हतं. तिला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा, पण पुढच्या क्षणी भिंतीतून सरनोबत बाहेर आले आणि ते वाईट वाटणं कुठच्या कुठं गेलं. पाच वर्षांनी तिला अंगात ताकद आल्यासारखं झालं.

ते पांढरेशुभ्र होते आणि रंगाच्या थराएवढे जाड. कोपरात घडी पडली होती. तिनं गालाला हात लावला तर बोटं पांढरी झाली.

“हात नको लावू. ओला आहे मी.” मग विटांकडं बघून म्हणाले, “इथं काय होतं गं?”

“काही नव्हतं.”

“मला वाटलं काहीतरी चांगलं होतं. बरं, आज कुणाचं?”

“तनुजाचं.”

“किती वाजता?”

“पाचला.”

सरनोबतांनी भिंतीवर नजर फिरवली. सगळी खरवडलेली, टवके उडालेली. “आणि भिंत ही अशी? रंग कुठाय?”

“आणला नाही.”

 त्यांनी कोपऱ्यातला रोलर उचलला, स्वतःच्या डाव्या पायावरून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत फिरवला आणि भिंतीला लावला. भिंतीवर स्वच्छ पांढरा पट्टा उमटला. पाय तेवढा कमी झाला.

“अहो, काय करताय!”

“काय करताय म्हणजे? शब्द दिलाय पोरीला.”

“उद्या डबा आणते. पुढच्या महिन्यात भरवू. मी सांगते तिला. बसा की जरा. पाच वर्षांनी आलाय, चहा टाकते.”

“डब्यातला रंग नको. तो मारलास तर मी राहीन, पण पुढच्या महिन्यापर्यंत वाळेन. वाळलेला माणूस कशाला लागत नाही. चहा झाल्यावर पिऊ.” आणि रोलर दुसऱ्या पायावरून फिरवला. “तू तेवढं बघ, डाग राहतोय का.”

“डाग गेला खड्ड्यात!” हेमलता ओरडली. “लोकांची प्रदर्शनं मोडली मी. स्वतःचं मोडलं. बोटं बघा माझी. ती काय तुम्ही भिंत रंगवावी म्हणून?”

सरनोबत थांबले. तिच्या बोटांकडं बघत राहिले. “कळतंय गं मला,” म्हणाले. पण रोलर हातातच होता, आणि भिंतीवर अर्धा पट्टा अपुरा होता, आणि अर्धा पट्टा तसाच सोडणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. ते पुन्हा सुरू झाले.

ओरडणं ऐकून तनुजा आत आली. काकांना बघून तिनं वाकून नमस्कार केला. पाय नव्हते, तेव्हा जमिनीला केला. मग खोकी आत आणून भराभर दिवे मांडले आणि बटण दाबलं. जेवढी भिंत रंगली होती तेवढ्या भिंतीवर पानं, पाखरं, बारीक जाळी अशी नक्षी उभी राहिली. 

“वा,” सरनोबत म्हणाले. त्यांचा चेहरा असा खुलला, की हेमलताला वाटलं, हेच बघायला आपण यांच्याशी लग्न केलं होतं.

आता ते कमरेपासून वर तेवढे उरले होते आणि भिंतीचा वरचा भाग रंगवायचा राहिला होता. “हेमा, पोचत नाही. उचल गं मला.”

तिनं उचललं. उशीच्या रिकाम्या अभ्र्याएवढंही वजन नव्हतं. ते पोटावरून रोलर फिरवत, छातीवरून फिरवत आणि भिंतीला लावत. तिची साडी, दंड, सगळं पांढरं झालं.

“सरळ येतंय काय?”

“येतंय.”

“तुझं ते तिसरं,” ते म्हणाले, “जरा वर...” आणि हनुवटीवरून रोलर फिरवला. पुढचं काही ऐकू आलं नाही.

तनुजानं स्टूल आणून दिलं आणि ती दाराकडं गेली, कारण बाहेर पायरीवर लोक चपला काढायला लागले होते. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात वीतभर जागा उघडी होती. हेमलता स्टुलावर चढली होती. तिच्या दोन्ही हातांत रोलर धरलेलं एक मनगट होतं, तेवढंच, आणि त्या वीतभर जागेला ते पुरलं असतं. तिनं ते छातीशी धरलं. ते तिच्या मुठीत हळूहळू वाळायला लागलं होतं.