एक मांजर जास्त

गाझियाबादच्या त्या नव्या वसाहतीत थंडीच्या दिवसांत दोनच गोष्टींना किंमत होती, वीज आणि ऊन. वीज कुणाच्याच हातात नव्हती. ऊन मात्र तळमजल्याच्या फ्लॅटवाल्यांना छोट्याशा अंगणासकट मिळालं होतं, आणि शेलारांच्या अंगणाचे खरे मालक म्हणजे सूनबाईंची मांजरं.

बळवंतराव शेलार सोलापूरच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. बायको गेल्यावर मुलगा गौरव त्यांना इकडे घेऊन आला. गौरव आणि सून तेजश्री दोघंही नोएडात कॉम्प्युटरच्या कंपनीत. सकाळी कंपनीची गाडी दोघांना उचलून नेई, ती अंधार पडल्यावर आणून सोडी. मधला दिवस बळवंतरावांचा आणि मांजरांचा. मांजरं म्हणजे नुसती खाती तोंडं, असं त्यांचं मत होतं आणि मांजरांचं त्यांच्याबद्दल फारसं वेगळं नसावं. त्यामुळे दोन्ही पक्ष एकमेकांकडे लक्ष देत नसत.

पण गेल्या महिन्यात बळवंतरावांच्या हातून दोन गोष्टी घडल्या. दूध गॅसवर ठेवून ते पेपर वाचत बसले. आणि एकदा फिरून येताना शेजारच्या ब्लॉकमध्ये शिरून कुणा परक्याच्या कुलपाला किल्ली लावत बसले. आता सगळे ब्लॉक एकाच साच्यातून काढलेले, रंगही तोच पिवळा. तिथे भले भले चुकले असते. पण गौरवने ते मनाला लावून घेतलं. सांगलीच्या थोरल्या बहिणीशी, द्वारकाशी, त्याचं फोनवर बोलणं झालं. ‘बाबांना एकटं ठेवायचं म्हणजे...’ एवढंच बळवंतरावांच्या कानावर पडलं. पुढचं न ऐकताच कळलं. सांगलीला म्हणजे हॉलमधली कॉट, आणि संडासला निघाले तरी मागून ‘बाबा, कुठे?’

म्हणून गौरव आणि तेजश्रीचं जयपूरला एका लग्नाला जायचं ठरलं आणि मांजरांसाठी माणूस ठेवायचा विषय निघाला, तेव्हा बळवंतराव म्हणाले, “माणूस कशाला? मी काय मेलोय?”

गौरवने तेजश्रीकडे पाहिलं. “अच्छा, चलो. बघा तुम्हीच. नीट झालं सगळं, तर ताईला सांगून टाकतो, बाबा एकदम फिट आहेत म्हणून.” तो हसून बोलला, पण ही परीक्षा आहे हे बळवंतरावांना कळलं. नापास झालं की सांगली.

तेजश्रीने बूट चढवता चढवता सूचना दिल्या. “बाबा, सगळी एकदम बाहेर नाही हं सोडायची. ठमी आणि वाघ्याचं बिल्कुल पटत नाही. दोन-दोन सोडा. बाहेर आहेत तोवर खुर्ची टाकून बसा. कुंपणावरून गेली तर वाटीवर चमचा वाजवा, धावत येतात.”

हे काम बळवंतरावांना मनापासून पटलं. दोन गाड्या सोडायच्या, दोन आत घ्यायच्या, मग दुसऱ्या दोन. पहिला दिवस त्यांनी असा काही मारून नेला, की संध्याकाळी त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी माशी शिंकली. दुसरी खेप बाहेर उन्हात लोळत होती, तेवढ्यात शेजारच्या सचदेवा आंटी तिळाची गजक घेऊन आल्या आणि मुलाच्या अमेरिकेच्या व्हिसाबद्दल बोलत राहिल्या. त्या गेल्यावर बळवंतरावांनी पाहिलं तर अंगण रिकामं. त्यांनी चमचा बडवला. कुंपणावरून, गाडीखालून, झुडपातून मांजरं धावत आली, पायांतून आत घुसली, आणि त्यांनी दार लावून घेतलं. मग मॉलमधून आणलेलं ते मांजरांचं तयार खाणं चार वाट्यांत घातलं. चार मांजरं जेवायला लागली आणि पाचवं फ्रिजशेजारी बसून, पंगतीत पान न मिळालेल्या पाहुण्यासारखं त्यांच्याकडे पाहायला लागलं.

बळवंतरावांनी पुन्हा मोजली. पाच. चष्मा पुसून मोजली. पाचच.

सगळी करडी, सगळी काळ्या पट्ट्यांची. वसाहत बांधली जात असताना सिमेंटच्या पोत्यांमागे कुठली तरी एक मांजरी व्याली होती, आणि आता अख्ख्या वसाहतीत तिचंच गोत पसरलं होतं. तेजश्रीने त्यातलीच पिल्लं उचलून आणली होती. पण किती? चार. चारच की. का पाच? दोन-दोन बाहेर आणि उरलेली पलंगाखाली, अशी सगळी एका जागी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

नावांवरून मोजावं म्हटलं. ठमी, वाघ्या, गौरी, चिंगी, बबड्या, शोना, ठकूबाई. सात! आपल्याकडे लाडाला धरबंध नसतो, हा त्यातला घोटाळा. त्यांच्या घरात द्वारकालाच ताई, चिमे, द्वारकी आणि बाईसाहेब अशा हाका असत. शिरगणतीवाला बाहेर उभा राहून ऐकता तर चार मुली लिहून गेला असता. वाट्या चार होत्या खऱ्या, पण एका वाटीत दोघं जेवत असतील तर? फ्रिजवरच्या फोटोत तीन होती, पण चौथी शेपटीही होती, आणि ती कुणाची ते कळत नव्हतं.

एकाला हाकलून द्यावं, तर कुणाला? घरचंच बाहेर गेलं तर मग संपलंच.

संध्याकाळी गौरवचा फोन आला. “बाबा, रोमिंग आहे, पटकन सांगा. सगळी ठीक?”

“सगळी ठीक.”

“सगळी घरात आहेत ना?”

“घरात तर... आहेतच. भरपूर आहेत.”

“वा! बढिया.”

घरात मांजरं किती रे आपल्या? एवढंच विचारायचं होतं. वाक्य जिभेवर आलंही. पण आठ महिने राहून घरातली मांजरं किती हे ज्या म्हाताऱ्याला ठाऊक नाही, त्याचं सांगलीचं तिकीट कोण थांबवणार? त्यांनी वाक्य गिळलं.

सकाळी त्यांनी सचदेवा आंटींना आडवळणाने गाठलं. “भाभीजी, हमारी बिल्लियाँ आपको तकलीफ तो नहीं देतीं? इतनी सारी हैं...”

“ना जी ना,” आंटी म्हणाल्या. “दो-चार ही तो हैं. और पाँच-छे भी हों तो क्या!”

बळवंतराव परत आले आणि खुर्चीत बसले. सोलापूर डेपोच्या गाड्यांचे नंबर त्यांना अजून पाठ होते, अक्कलकोटची पहिली गाडी कोण चालवायचा तेही. मग ही चार जनावरं, की पाच, ती का आठवू नयेत? गौरव म्हणतो ते खरं तर नसेल? आतून काहीतरी निसटत चाललंय आणि आपल्यालाच तेवढं कळत नाहीये, असं तर नसेल? बळवंतराव घाबरले. परक्या कुलपाला किल्ली लावताना घाबरले नव्हते एवढे.

पाचवं मांजर येऊन त्यांच्या पायावर निजलं. एवढं सलगीने निजतंय म्हणजे घरचंच, असं वाटलं. मग वाटलं, आपल्या घरचं एकही मांजर आजवर आपल्याजवळ आलेलं नाही, म्हणजे हेच परकं. शेवटी त्यांनी कपाटातून स्टीलची एक वाटी काढली, पाचवं पान मांडलं, आणि दोन-दोनच्या खेपा झाल्यावर जादा गाडी सोडतात तसं त्याला एकटं उन्हात फिरवून आणलं. काही झालं तरी एकही मांजर कमी पडता कामा नये.

दुपारी दोघं परत आली. तेजश्रीने बॅग टाकली, हाक मारली, आणि मांजरं पलंगाखालून, सोफ्यामागून बाहेर आली.

“अय्या, ही कोण?” तिने एकाला उचललं. “ही आपली नाही. हिचा कान बघ फाटलेला.”

“चार!” बळवंतराव ओरडलेच. “म्हणजे चारच ना? मी म्हणतच होतो! चारच!” त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी टाळी वाजवली. डोकं शाबूत होतं. सगळं जागच्या जागी होतं.

गौरव मात्र स्टीलच्या वाटीकडे पाहत होता. “बाबा, तुम्ही हिला जेवायलाही घातलंत?”

“अरे, मला कालच कळलं होतं, एक जास्त आहे म्हणून.”

“मग फोनवर बोलला का नाहीत?”

बळवंतरावांनी तोंड उघडलं. किती असतात याची खात्री नव्हती म्हणून, हे खरं उत्तर. ते दिलं तरी सांगली, न दिलं तरी सांगली. “मला वाटलं...” ते म्हणाले.

तेजश्रीने नवऱ्याकडे पाहिलं. गौरवने पुढे येऊन वडिलांचा दंड धरला, त्यांना खुर्चीपर्यंत नेलं आणि हलकेच बसवलं.

“चारच होती रे,” बळवंतराव म्हणाले. “मला माहीत होतं.”

“हो बाबा,” गौरव म्हणाला. “चार. बरोबर. शाब्बास.”