चैतरामच्या जीपचं कुंकू

सौंदडजवळच्या एका गावात सकाळी सकाळीच निम्मं गाव चैतरामच्या प्रवासी जीपखाली वाकून बघत होतं. जीपच्या पोटाशी, लांब लोखंडी दांड्याच्या जोडावर, लाल भुकटी उमटली होती. गावदेवीचे पुजारी उमराव महाराज यांनी ती बोटावर घेऊन बायकांच्या कपाळी लावली आणि ते गरजले, "पाळीवरची माय गाडीत बसली रे! कुंकू टाकून राहिली! कोनी पुसाचं नाही, तेल-ग्रीसचा हात लावाचा नाही!"

पुरावाही होताच. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मायच्या ठाण्यापाशी नारळ फोडून जीप निघाली, की खालून 'टण्ण' आवाज येई. माय हो म्हणाली, असं समजून प्रवासी हात जोडत. महाराजांची स्वतःची मोटारसायकल मात्र दर महिन्याला गॅरेजात जाई. तिच्यात म्हणे कुठलीच माय बसत नव्हती.

चैतरामची मुलगी रेणू आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचं काम शिकलेली. तो 'टण्ण' कशाचा, ते तिला ओळखू आलं. तिनं सगळ्यांसमक्ष जीप शाळेपुढं थांबवायला लावली.

"बाबा, आता सोडा क्लच."

टण्ण!

"इथं कोनती माय हाये? पाळीवर तुमी थांबता, म्हनून तिथं वाजते. थांबून निघालं का इंजिनाचा जोर या लांब दांड्यावर, शाफ्टवर येते, अन् त्याच्या जोडातला फुलीसारखा क्रॉस झिजला हाये." ती खाली शिरली आणि शाफ्ट हातानं हलवला. खडखड वाजला. "हे कुंकू नाही, गंज हाये. आतल्या बेअरिंगा कोरड्या घासून राहिल्या. शाफ्ट तुटंल एक दिवस!"

"चार बुकं शिकली अन् मायची परीक्षा घेऊन राहिली!" महाराज हसले. "घरावर घात आनशील."

आईनं, प्रेमिलानं, घाबरून रेणूला हाताला धरून घरात ओढलं. मागून चैतराम आला. "तुहं पटते मले, पोरी. पन कुंकू पुसलं तं माह्या गाडीत कोन बसंल? सोमवारचा बाजार होऊ दे, मंग गोंदियाले गॅरेजात नेऊ."

सोमवारी पाळीच्या उतारावर क्रॉस तुटला. शाफ्टचं पुढचं टोक खाली पडून रस्त्यात रुतलं आणि जीप उलटली. प्रवासी हातपाय मोडून वाचले. चैतराम गेला.

"पोरीनं परीक्षा घेतली म्हनून," महाराज तेराव्याला म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. प्रेमिलानंही.

तो निखळलेला शाफ्ट आता ठाण्यापाशी उभा आहे, शेंदूर फासलेला. येणाऱ्या-जाणाऱ्या जीपा तिथं थांबतात, नारळ फुटतो आणि निघताना एखादी 'टण्ण' वाजतेच. रेणू ग्रीसगन घेऊन बाजूला उभी असते. "हात जोडा, पन आधी वाकून शाफ्ट हलवून पाहा," ती विनवते. बहुतेक जण तिच्याकडे न बघताच निघून जातात.

वाचकहो, तुमच्या गाडीखालून आवाज आला तर तुम्ही तरी वाका. लाल भुकटी कपाळी लावू नका, मेकॅनिकला दाखवा, आणि त्याच दिवशी दाखवा. चैतरामला सगळं पटलं होतं. त्यानं फक्त सोमवारपर्यंत वाट पाहिली.