फटीतून येणारा वारा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खिडकी आहे. डोंगराळ भागातल्या एका लहानशा घरात, उत्तरेकडे तोंड करून मी कित्येक वर्षं उभी आहे. हे घर बांधलं तेव्हा आजोबा तरुण होते आणि छापखान्यात कामाला जात. नव्या नवरीने, म्हणजे आजच्या आजीने, मला पहिल्यांदा उघडलं आणि म्हणाली, "अगं बाई, हिच्यातून अख्खा रस्ता दिसतो." त्या कौतुकाने मी फुलून गेले होते.

पुढे ऊन-पावसाने माझं लाकूड आक्रसलं. रंग उडाला, झडपा नीट मिटेनाशा झाल्या. मग माझ्या फटींत कधी चिंध्या, कधी कागदाचे बोळे कोंबले जाऊ लागले. वारा त्यांना कुठला जुमानतो! हीटर लावला की ऊब माझ्यातून बाहेर जाई आणि वीजबिल तेवढं घरात येई.

आजीला दम्याचा विकार जडला. थंडी वाढली की तिला श्वास घेणं कठीण होई. म्हणून दर हिवाळ्यात तिला सखल भागात राहणाऱ्या लेकीकडे पाठवू लागले. आजोबा मात्र घर सोडत नसत. संध्याकाळी ते माझ्याजवळ बसून फोन लावत.

"जेवलीस का?"

"जेवले. तुम्ही?"

"जेवलो."

मग बराच वेळ दोघंही काही बोलत नसत, पण फोनही ठेवत नसत. मित्रांनो, या ताटातुटीला माझ्या फटी कारण होत्या. मला ते सलत असे.

एका उन्हाळ्यात टपाल कचेरीत काम करणारी त्यांची सून बातमी घेऊन आली. घरातली ऊब टिकवण्याच्या कामांसाठी पतपेढी अगदी कमी व्याजाने कर्ज देत होती.

"कर्ज नको," आजोबा म्हणाले. "जन्मभर अंथरूण पाहून पाय पसरले मी."

"बाबा, अंथरूणच गारठलंय. पाय पसरणार कुठे?" सून हसली आणि मग हळूच म्हणाली, "बिलात वाचेल त्यातूनच बराचसा हप्ता जाईल. आणि या हिवाळ्यात आईंना पाठवायचं नाहीये मला."

 आजोबा उगाचच चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "सही कुठे करायची?"

पतपेढीतून एक बाई पाहणीला आल्या. त्यांनी मेणबत्ती पेटवून माझ्याजवळ धरली. मी बंद होते, तरी ज्योत आडवी झाली आणि विझली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता आपली रवानगी मोडीत होणार, असंच वाटलं.

पण कर्ज मंजूर झाल्यावर सुतार आला, त्याने माझी चौकट ठोकून पाहिली. "लाकूड पक्कं आहे," तो म्हणाला. "कशाला काढायची?" त्याने माझा जुना रंग खरवडला, झडपा सरळ केल्या, कडांना रबरी पट्टी लावली आणि आतून दुसरी काच बसवली. माळ्यावर ऊब धरून ठेवणाऱ्या जाड गाद्या अंथरल्या गेल्या.

थंडी आली. वारा माझ्यावर धडका देत राहिला आणि मी त्याला बाहेरच अडवत राहिले. लेकीचा फोन आला, "आईला कधी पाठवताय?" आजीने फोन घ्यायला हात पुढे केला, पण आजोबांनी तो दिलाच नाही.

"नाही पाठवत," ते म्हणाले. "तूच ये इकडे."

आजी तोंडाला पदर लावून हसली. तिला खोकल्याची ढास लागली नाही.

मित्रांनो, घरातल्या फटी बोळ्यांनी झाकून वर्षं काढू नका. वेळेवर डागडुजी करा. आणि हात आखडता असेल, तर चार ठिकाणी चौकशी करायला लाजू नका. कारण फटीतून नुसता वारा येत नाही. कधी कधी घरातलं माणूसही दूर जातं.