सीटखालची लाल रेघ

मी एक जुनी हिरवी सायकल आहे. मित्रांनो, माझ्या ब्रेकला नवे रबर लागले, टायर नवे आले, तरी मनातली धाकधूक जात नाही. ती कशाची, ते सांगते.

दुकानात माझ्या शेजारी हलक्या, चकचकीत सायकली होत्या. एका बाईंनी त्या पाहिल्या. मग वाकून, मला मजबूत कॅरिअर बसेल का, ते चाचपलं. "हीच बरी, खिशालाही आणि सामानालाही," त्या म्हणाल्या. त्या प्रसूतिगृहात नर्स होत्या. रोज मी त्यांना कामावर नेत असे. दुरुस्तीला दिलं की माझ्या सीटची उंची बदलून येई, म्हणून त्यांनी सीटच्या दांड्यावर नेलपॉलिशने लाल रेघ ओढली. रेघ फ्रेमच्या तोंडाशी आली की उंची बरोबर. पुढे ती ग्रीस आणि धुळीखाली झाकली गेली.

निवृत्त झाल्यावर यजमानांसाठीही एक सायकल घ्यायची आणि दोघांनी समुद्रापर्यंत जायचं, असं ठरलं होतं. त्याआधीच बाई आजारी पडल्या आणि गेल्या. मी जिन्याखाली उभी राहिले. टायर बसले, साखळी गंजली.

एके सकाळी यजमानांनी माझ्यात हवा भरली. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणते. बाबा बाईंपेक्षा चांगलेच उंच, पण सीट त्यांनी हलवली नाही. चालवताना गुडघे हँडलला लागत. शेजारी म्हणाले, "अहो, सर्कशीत लागलात की काय?" बाबा हसले. घरी मात्र ते कठडा धरून जिना चढू लागले. मुलगी फोनवर सांगे, ती देऊन टाका, नवीन घ्या.

शेवटी बाबा मला सायकलवाल्याकडे घेऊन गेले. समुद्रापर्यंत जायचंय, म्हणाले. त्याने मला उलटसुलट पाहिलं. फ्रेम दणकट आहे, चढासाठी मागे मोठं दातेरी चाक आणि जाड टायर टाकू, उगाच जास्त खर्च नको, असं तो म्हणाला. ते झाल्यावर त्याने सीटला पान्हा लावला. बाबांनी त्यावर हात ठेवला.

"सीट राहू दे."

"काका, गुडघे जातील. समुद्र सोडा, नाक्यापर्यंतही पोचणार नाही. नाहीतर दुसरी घ्या, ही घरी ठेवा."

मला पुन्हा जिन्याखालचा अंधार दिसला.

"ती तिच्या उंचीला आहे," बाबा म्हणाले.

सायकलवाल्याने पान्हा बाबांच्या हातात दिला. बाबांनी सीटवरून एकदा हात फिरवला. मग त्यांनीच बोल्ट सैल केला आणि सीट वर ओढली. फडक्याने दांडा पुसला. ग्रीसखालून लाल रेघ निघाली. ती आता फ्रेमच्या वर, चांगली उजेडात होती.

"दिसतेय की गं," बाबा हळूच म्हणाले. समोर तर कोणीच बाई नव्हती.

उद्या आम्ही निघणार. चढ मोठा आहे, मी जुनी आहे, आणि बाबांचे गुडघे अजून दुखतात. मित्रांनो, आपल्या माणसाची वस्तू जपा, पण कोपऱ्यात उभी करून नको. तिला तेल द्या, हवा भरा, लागेल तशी सीट वर करा. आणि निघण्याआधी, बोल्ट घट्ट आवळलाय ना, तेवढं एकदा हात लावून बघा.