सुकरीचे केस

विज्ञान प्रदर्शनाची बस अहेरीच्या बाजाराशेजारी उभी होती. लोकांना प्रयोग करून दाखवणारी रंभा मूळची चामोर्शीची. नोकरी नवीन, त्यामुळे प्रत्येक मुक्कामाला ती सगळं दोनदा तपासून बघायची. आज थंडी कोरडी होती, वीज जमवणारं यंत्र जोरात चालणार होतं.

"या गोळ्यावर वीज जमते. इजा नाई होत," ती यंत्रावरच्या धातूच्या गोळ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "स्टुलावर कोण उभं राह्यते?"

बायका एकमेकींना ढकलू लागल्या. शेवटी सुकरी नावाची तरुण बाई स्वतःच वर चढली. रंभाने तिचा हात गोळ्यावर ठेवून घेतला आणि बटण दाबलं. यंत्र घुमू लागलं. सुकरीचे मोकळे केस हळूहळू उठले आणि चारी बाजूंनी ताठ उभे राहिले. तिला गुदगुल्या होऊन हसू फुटलं.

गर्दी मात्र मागे सरली.

"पाहा! हिच्या अंगातच आहे ते," तिचा दीर दसरू ओरडला. "माह्या भावाले हिनंच खाल्लं!"

सुकरीचं हसू विरलं. रंभाने घाईने यंत्र बंद करून तिला खाली उतरवलं.

"बाई, बस काढू का?" ड्रायव्हर कुजबुजला.

"नाई!" रंभा स्वतः स्टुलावर चढली. "माह्येई केस उठतीन, पाहा."

ड्रायव्हरने बटण दाबलं, पण केस उठले नाहीत. कानाजवळच्या चार बटा हलल्या, बस. दसरूने हात झटकले. "आता सांगा! तिचेच काऊन उठले?"

रंभाला घाम फुटला. आपल्याच खेळाने या बाईचा घात केला, हे तिला कळत होतं. कपाळावरचा घाम पुसताना हात केसांना लागला आणि बोटं तेलकट झाली. सकाळीच आईने दिलेलं तेल चोपडलं होतं. तिने सुकरीकडे पाहिलं. केस कोरडे, राठ.

"सुकरी, तेल कधी लावलं होतं?"

"नवरा गेल्यापासून नाई लावलं."

"तेलानं केस चिकटतात. तिच्या डोक्याले तेल नाई, म्हनून उठले!" रंभा ओरडून सांगू लागली. "तेल न लावलेलं दुसरं कोनी आहे का?"

 मग बायनाबाई, सुकरीची सासू, काठी टेकत पुढे आली.

"माय, तू कायले?" दसरू म्हणाला.

"माह्याई पोरगाच गेला ना रे. म्या तरी कुठी लावलं तेल?"

रंभा आणि सुकरीने तिला स्टुलावर चढवलं. यंत्र घुमलं. म्हातारीचे पांढरे केस कापसासारखे फुलून उभे राहिले. ती डोळे मिटून उभीच होती. हसलं कोणीच नाही. दसरू मान खाली घालून बैलबाजाराकडे निघून गेला.

गावात सुकरीला चेटकीण ठरवतील का, या विचाराने त्या रात्री रंभाचा डोळा लागला नाही. सकाळी तिने बस हट्टाने सुकरीच्या गावावरून न्यायला लावली. हातपंपावर बायका होत्या. सुकरी घागर धरून उभी होती आणि शेजारीण तिच्यासाठी दांडा मारत होती. रंभाने मान बाहेर काढून हाक मारली, पण बसच्या आवाजात ती कोणालाच ऐकू गेली नाही.