पिवळा वजा

कॉलरीच्या झालरीला एकशे बारा चुण्या.

गावाकडं तेलबियांचा हंगाम आटोपला, धाकट्या भावानं कळवलं. आईनं यंदा एकही टोपली स्वतः उचलली नाही.

"डोळ्यातला पांढरा कधी पांढरा नसतो. करडा असतो," थानमास्तर म्हणाले.

आईला जेवण जात नाही. थंडीनं, म्हणते.

ग्वेईलाननं ब्रश पुसला आणि चार पावलं मागं सरून पाहिलं. चीनमधल्या दाफेनच्या, जुन्या चित्रांच्या नकला काढणाऱ्या या गल्लीत अकरा वर्षं तिनं नुसत्या कॉलरी रंगवल्या होत्या. पार्श्वभूमी एकाची, हात दुसऱ्याचे, झालर तिची. चेहरा फक्त थानमास्तरांचा. आता मास्तरांचा हात कापायला लागला होता, म्हणून ते तिला चेहरा शिकवत होते. समोर छापील चित्र टाचलेलं: साडेतीनशे वर्षांपूर्वीची एक डच म्हातारी, ओठ मिटून बसलेली.

"हिला पिवळी का केलीस?" मास्तरांनी विचारलं.

"छापलंय तसंच केलं, मास्तर."

"छापलंय तसंच! आणि तुझे डोळे काय झालरीतच राहिले? अगं, हा पिवळा कातडीचा नाही, वर चढवलेल्या वार्निशचा आहे. जुनं झालं की ते पिवळं पडतं. खालची बाई चांगली गोरीपान आहे. पिवळा दिसला की मनातल्या मनात वजा करायचा. कावीळ झालेली म्हातारी कोण टांगणार भिंतीवर?"

हात रंगवणारा लाओ छिउ खो खो हसला. ग्वेईलानही हसली.

म्हातारी तिनं तेवीस वेळा काढली. सतराव्या खेपेला गालाखालचं रक्त दिसायला लागलं. विसाव्यानंतर वजाबाकी करावी लागेना. पिवळा तिला दिसायचाच बंद झाला.

"आता आपलं माणूस काढ," मास्तर म्हणाले. "ज्याची नक्कल कुठं छापलेली नाही असं. ते जमलं तर चेहरे तुझे."

तिनं धाकट्या भावाकडं, क्वांगशेंगकडं, आईचा फोटो मागितला. त्यानं चुलीपाशी बसवून काढला आणि मोबाइलवर पाठवला. आई ओठ मिटून बसली होती. ग्वेईलाननं नऊ दिवस घेतले. गालावर गुलाबी, कपाळावर थंड करडा, डोळ्यांत करडा.

थानमास्तर बराच वेळ चित्रापुढं उभे राहिले. मग स्वतःचे तीन बारीक ब्रश त्यांनी तिच्या डब्यात ठेवले.

चित्राचा फोटो तिनं घरी पाठवला. रात्री आईचा फोन आला.

"बाई गं, एवढी छान दिसते का मी?"

"दिसतेस म्हणून तर काढलं."

"क्वांगशेंग म्हणतो दवाखान्यात चल. हे चित्र दाखवलं त्याला. म्हटलं, बघ, ताईला काय दिसतंय ते!"

दोघी हसल्या. नव्या वर्षाला येते, ग्वेईलान म्हणाली.

नव्या वर्षाच्या अठरा दिवस आधी तिला जावं लागलं. जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टरनं आईची पापणी खाली ओढली, पोट दाबलं आणि बाहेर येऊन भावंडांना विचारलं, "पिवळ्या कधीपासून आहेत?"

क्वांगशेंग बहिणीकडं बघत राहिला. ती भिंतीकडं.

पित्ताच्या नळीत गाठ होती. आता चिरून उपयोग नव्हता.

शवपेटीपुढं ठेवायला दुसरा धड फोटो नव्हता, म्हणून चित्रच ठेवलं. उदबत्ती लावून शेजारीण पुटपुटली, "हुबेहूब आहे हो. आजारी पडायच्या आधी अश्शीच दिसायची." धूर चित्राला लागत होता. पिवळं पडेल म्हणून क्वांगशेंगनं ते मागं सरकवायला हात घातला.

"राहू दे," ग्वेईलान म्हणाली. "लागू दे."

चुलीपाशी काढलेल्या फोटोखाली क्वांगशेंगनं लिहिलं होतं, 'ताई, आई पिवळी दिसते का गं?' तिनं लगेच उत्तर दिलं होतं, 'बल्बचा उजेड आहे तो. मी काढून टाकीन.'