एक वीत आखूड

सतरा वर्षं मी दादरच्या एका चष्म्याच्या दुकानात लोकांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजत होते, त्यामुळे माप चुकणं ही गोष्ट फक्त इतरांच्या हातून घडते, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकान बंद झालं तेव्हा घरच्यांनी सुतकी चेहरे केले. मी मात्र दुसऱ्याच दिवशी फुलबाजारात हार ओवणाऱ्या मालनमावशींच्या शेजारी गोणपाट टाकून बसले आणि चार महिन्यांत वेण्या, मुंडावळ्या, लग्नाचे हार, सगळं शिकून घेतलं. "हात बरा हाय तुझा, तोंड जरा आवर," एवढंच प्रशस्तिपत्रक मावशींनी दिलं.

पहिलं स्वतंत्र लग्न मिळालं ते गिरगावातलं, फणसवाडीच्या अंबिकाताईंच्या मुलीचं, श्रेयाचं. अंबिकाताईंचे दीर लग्नाचा हॉल चालवत. हे लग्न नीट पार पडलं तर या मोसमातली हॉलमधली सगळी लग्नं माझी, असा त्यांनी शब्द दिला होता. मी हवेतच होते. रविवारी माप घ्यायला गेले.

हाराचं माप टेपने घेत नाहीत. मानेमागून दोरा सोडायचा, दोन्ही टोकं गुडघ्याशी जुळवायची आणि तिथे गाठ मारायची. श्रेया चांगली उंच. दोरा टाकायला मला चवड्यांवर उभं राहावं लागलं. "ताई, स्टूल देऊ का?" म्हणत ती मोठ्याने, मोकळेपणी हसली.

"तोंड मिटून हस गं," अंबिकाताई आतून म्हणाल्या.

गुरुवारी, हळदीच्या सकाळी, मी त्याच दोऱ्याच्या मापाचा शेवंतीचा एक नमुना करून नेला, तर तो तिच्या गुडघ्याखाली चांगला वीतभर गेला. दोरा काढून पाहिला. गाठ जागच्या जागी होती. ओल्या फुलांच्या वजनाने हार ताणतो हे मला ठाऊक होतं, म्हणून मी निर्धास्तपणे दुसऱ्या दोऱ्यावर नवीन माप घेतलं, आणि जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की या खेपेला मला चवडे उचलावे लागले नव्हते. हार किती ताणतो, हे मालनमावशींना विचारलं.

"बोटभर ताणतो," त्या म्हणाल्या. "वीतभर नाय."

मला त्यांचा रागच आला. शिकवणाऱ्यांना सगळं कळतं असं थोडंच आहे!

शनिवारी हॉलच्या दाराशी साखरपुड्याचा मोठा फोटो लावलेला होता. धनेश आणि श्रेया, खांद्याला खांदा लावून. स्टेजवर मी निशिगंधाच्या माळांचा पडदा सोडला होता, तो पाहायला दीर स्वतः आले आणि 'वा' म्हणाले, तेव्हा मी मनातल्या मनात पुढच्या लग्नाचे रंगसुद्धा ठरवून टाकले. मग हार घेऊन नवरीच्या खोलीत गेले. तिची आत्या साडी नेसवत होती आणि कमरेशी पुन्हा पुन्हा वर खोचत, "काय लांबलचक साडी आणलीय," असं पुटपुटत होती. मी श्रेयाच्या गळ्यात हार घातला. तो तिच्या पावलांवर टेकला.

तिचा चेहरा माझ्या छातीशी आला होता. मी काही उंच बाई नाही.

तिने माझं मनगट धरलं. "ताई, तुम्ही मोजलंय मला. तुमच्याकडे दोरे आहेत. सांगा ना यांना, प्लीज. माझं कुणी ऐकत नाही."

दोन्ही दोरे माझ्या पर्समध्ये होते. दारात अंबिकाताई उभ्या होत्या, त्यांच्यामागे दीर, आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मला भीती वाटली. पण ती कशाची, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

"हार ताणलाय," मी म्हटलं. "माझंच माप चुकलं. पाच मिनिटांत आखूड करते."

जन्मात पहिल्यांदा मी माप चुकल्याचं कबूल केलं, आणि तेही न चुकता. श्रेयाने मनगट सोडलं.

हार मग असा नेमका बसला की फोटोग्राफरनेही कौतुक केलं. अंतरपाट दूर झाला, धनेश पार कमरेत वाकला, आणि मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "जोडा कसा शोभून दिसतो, नाही?"

जेवणाच्या वेळी अंबिकाताईंनी माझ्या पानात स्वतः जिलेबी वाढली. "भाऊजी खूश आहेत हं. पुढच्या आठवड्याचं लग्न तुमचंच." मग त्याच आवाजात म्हणाल्या, "संध्याकाळच्या रिसेप्शनचा हार मात्र अजून वीतभर आखूड ठेवा."

"पाच वाजता मापाला येते ना."

"माप कशाला? तोवर होईल ती तेवढी."

मी जिलेबी संपवली, हात धुतले आणि मागच्या खोलीत जाऊन गुलाबांची टोपली पुढे ओढली. बोटं अगदी स्थिर होती. हार त्यांनी सांगितला त्याहून बोटभर आखूडच केला, म्हणजे आयत्या वेळी पुन्हा कात्री लावायला नको.